गावच्या जिल्हा परिषद शाळेला स्मार्ट टीव्ही द्यायचा आहे. शिक्षक तो खरंच वापरतील का?

वापरतील, पण टीव्ही घेण्याआधी त्यांच्याशी एकदा बसून बोला. मी यवतमाळ जिल्ह्यात झरी जामणीकडच्या एका शाळेत शिक्षक आहे. पहिली ते चौथी, पट ३८, शिक्षक दोन. शिक्षण हक्क (आरटीई) कायद्यानुसार प्राथमिकला ६० पटापर्यंत दोनच शिक्षक असतात, म्हणजे एकाकडे दोन वर्ग. पहिलीला टीव्हीसमोर बसवलं की तेवढ्या वेळात दुसरीकडे कोण बघणार, हे कुठल्याच प्रशिक्षणात आम्हाला सांगितलं गेलं नाही.

आमच्याकडेही टीव्ही लोकवर्गणीतूनच आला. सोबतच्या बाई त्याला हातच लावत नव्हत्या. त्यांची नोकरी २६ वर्षांची, त्यामुळे त्यांना नवीन काही नकोच आहे असं मी धरून चाललो होतो. ती माझी चूक होती. एक दिवस त्या म्हणाल्या, "सर, खडू तुटला तर मी दुसरा घेते. हे मुलांसमोर अडकलं तर वर्ग कसा सांभाळू?" मग आठवडाभर शाळा सुटल्यावर त्यांनी एकाच पाठाचा सराव केला. मी मुद्दाम बाहेर व्हरांड्यात थांबायचो.

पाठ बियांच्या रुजण्याचा होता. आमची निम्मी मुलं पोडावरची, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरची, घरी कोलामी बोलणारी. व्हिडिओतली पुस्तकी मराठी भरभर पुढे जायची. मुलं टक लावून बघायची, आणि विचारलं की गप्प. बाईंनी आवाज बंद केला, टीव्हीशेजारी उभ्या राहिल्या आणि इतक्या वर्षांत कानावर पडलेले कोलामी शब्द घालत स्वतः सांगू लागल्या. मागच्या रांगेतला एक मुलगा उठून पडद्यावरच्या कोंबावर बोट ठेवून म्हणाला, "आमच्या वावरात सरकी पाचव्या दिवशी निंगते." एरवी तो हजेरीलाही मान हलवायचा. हे मला कधी सुचलं नसतं, कारण तेवढी कोलामी मला येत नाही.

पुस्तकातले क्यूआर कोड सरकारच्या दीक्षा ॲपवर उघडतात, साहित्यही चांगलं आहे. पण घरातला फोन वडिलांचा. कापूस वेचणीच्या दिवसांत तो त्यांच्यासोबत वावरात जातो आणि रात्री चार्जिंग संपवून परततो. म्हणून फोनवरचा गृहपाठ आम्ही देत नाही.

आता तुमच्या कामाचं. टीव्हीसाठी वर्गणी जमते, इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी कोणी देत नाही. आमची बॅटरी बसली आणि टीव्ही चार महिने कापडाखाली होता. तेव्हा लहान टीव्ही घ्या, पण उरलेले पैसे बॅटरी आणि दुरुस्तीसाठी वेगळे ठेवा. वीजबिल कोण भरणार हे शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावात लिहून घ्या. आणि टीव्ही बसवायला येणाऱ्या माणसाला सांगा, मुलं घरी गेल्यावर ये आणि तासभर रिमोट शिक्षकांच्याच हातात दे.