एपिसेंटर आणि बैलाची पराणी

प्रश्न असा: 'आंदोलनाचे एपिसेंटर', 'घोटाळ्याचे एपिसेंटर' असे उठता-बसता ऐकू येते. शब्द भूकंपशास्त्रातला, तो असा वापरणे बरोबर का, आणि मराठीत काय म्हणावे?

मला तरी ते ऐकवत नाही. नुसत्या 'सेंटर'ने भागत असताना 'एपि' जोडला की बोलण्याला वजन येते, एवढाच त्यामागचा विचार. खडक जिथे सरकायला सुरुवात होते ती जागा जमिनीच्या पोटात असते. ती भूकंपाची नाभी. तिच्या थेट वर भूपृष्ठावर येणारा बिंदू म्हणजे एपिसेंटर. म्हणजे हे केंद्र नव्हेच, केंद्राच्या डोक्यावरची जागा! २४ मे २०१३ च्या भूकंपाचे एपिसेंटर ओखोत्स्क समुद्रात दाखवतात, पण नाभी होती तिथून सुमारे ६०० किलोमीटर खाली. सर्वांत जास्त पडझड एपिसेंटरलाच होते हाही भ्रमच. सप्टेंबर १९८५ च्या भूकंपाचे एपिसेंटर होते मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्याजवळ, आणि इमारती कोसळल्या सुमारे ३५० किलोमीटरवरच्या मेक्सिको सिटीत, कारण शहराचा मोठा भाग जुन्या तळ्याच्या गाळावर उभा.

इंग्रजी कोशांनी 'मुख्य ठिकाण' हा अर्थ केव्हाच नोंदवला आहे. नोंदवोत बापडे. वाईट एवढ्याचेच वाटते की लाक्षणिक अर्थाने हा शब्द भलताच कामाचा होता: दंगा दिसतो चौकात, सरकलेले असते खाली खोलवर काहीतरी. ती चौकातली जागा म्हणजे एपिसेंटर. पण असा वापर करतो कोण?

आता खरी गंमत. 'सेंटर'चे मूळ ग्रीक 'केंत्रॉन', म्हणजे टोचायचे टोक, बैलाला टोचायची पराणी. कंपासचे जे टोक कागदात रुतून स्थिर राहते तेही केंत्रॉन, आणि म्हणून वर्तुळाचा मध्य. हाच शब्द ज्योतिषाबरोबर आपल्याकडे येऊन 'केंद्र' झाला. केंद्र अस्सल संस्कृत आहे म्हणून जे हटून बसतात त्यांनी एकदा त्याचा धातू दाखवावा. पत्रिकेतली पहिली, चौथी, सातवी, दहावी घरे ती केंद्रे. शेजारची पणफर, त्यापुढची आपोक्लिम. ही दोन्ही नावेही उघडउघड ग्रीक, 'एपानाफोरा' आणि 'आपोक्लिमा'. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराला ती वापरताना संकोच वाटला नाही, आपल्यालाच वाटतो.

'एपि'चे तर आणखी मजेशीर. तो उसना नव्हे, आपल्या 'अपि'चा सख्खा भाऊ. 'तथापि', 'अद्यापि'मधला अपि 'सुद्धा' एवढाच अर्थ देतो, पण 'अपिधान' म्हणजे झाकण, वर ठेवलेले. तिथे 'वर' हा जुना अर्थ शाबूत आहे, 'एपि'चाही तोच. आणि अपिधानाचे जसे 'पिधान' होते, तसाच एपानाफोराचा 'ए' गळून पणफर झाला. म्हणून भूकंपशास्त्राच्या मराठी परिभाषेतला 'अपिकेंद्र' हा शब्द मला बेहद्द आवडतो: अर्धा भाऊबंदकीचा, अर्धा पाहुणा. हिंदीतला 'अधिकेंद्र' इकडे आणू पाहणाऱ्यांना अर्थ कळला आहे, हे मान्य. पण हातातला हिरा टाकून काच कशाला? आणि 'उपकेंद्र' म्हणणाऱ्यांनी ते विजेच्या खात्याला परत करावे.

जाता जाता, पत्रिकेतल्या चौथ्या घराचे एक नाव 'हिबुक'. ते ग्रीक 'हिपोगेइऑन'वरून आले, म्हणजे जमिनीखालचे. माझ्या हातात असते तर नाभीला हेच नाव दिले असते.

हां, आंदोलनाचे राहिलेच. आंदोलनाचे केंद्र म्हणा, घोटाळ्याचे मूळ म्हणा.