हलकी काडतुसं भरायला बसण्याआधी

छऱ्याच्या बंदुकीची काडतुसं पहिल्यांदाच भरताय ना, मग वेग विसरा. अमेरिकेतल्या काउबॉय सामन्यांत (जुन्या काउबॉय काळातल्या धर्तीच्या बंदुकांनी होणाऱ्या नेमबाजीच्या स्पर्धांत) पोलादी पाट्या जवळच असतात. 12 बोअर या नळीच्या मापाच्या बंदुकीत 7/8 औंस छर्रे त्या पाडायला पुरतात आणि खांदाही दिवसभर टिकतो.

पण हलकं भरायचं म्हणजे आपल्या मनाने बंदुकीची दारू कमी करायची नाही! दारू फार कमी पडली तर नीट जळत नाही, वॉड (दारू आणि छर्रे यांच्यामधला बुच) नळीतच अडकू शकतो आणि त्यावर पुढचा बार टाकला तर नळी फुटते. म्हणून दारूच्या कंपनीने छापलेल्या तक्त्यातली कृती जशीच्या तशी घ्या. केस (काडतुसाचं टरफल), प्रायमर (दारू पेटवणारी टोपी), वॉड, यातलं एकही बदलू नका. प्रेसच्या, म्हणजे काडतुसं भरायच्या यंत्राच्या, बुशिंगवर (दारू मापून सोडणाऱ्या भागावर) विसंबू नका. सुरुवातीला दर दहाव्या काडतुसाची दारू तराजूवर तोला. मी आजही तोलतो.

सामन्यात बार ‘फुस्स’ वाजला तर तिथेच थांबा. बंदूक रिकामी करून नळी आरपार बघा, गुण गेले तरी चालतील.

दुनळीसाठी बाहेरून गुळगुळीत केसेस घ्या, त्या नळीतून झटक्यात निसटतात. छर्रे शिशाचे असतात, हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका.