पहिली गिटार घेताना
बजेट दहा हजारांच्या आसपास असेल तर ‘यामाहाची एफ३१० डोळे झाकून घ्या’ असं सगळे सांगतील. गिटार चांगलीच आहे, पण डोळे उघडे ठेवा. एकाच मॉडेलच्या दोन गिटार अगदी सारख्या निघत नाहीत. बाराव्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांपैकी बारावी) तारांची उंची बघा. जाड तारेखाली ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट असेल तर बोटं सोलवटतात आणि महिन्याभरात गिटार कपाटावर जाते. मग त्याच फ्रेटवर प्रत्येक तार दाबून वाजवा, नंतर तिथेच हार्मोनिक काढा, म्हणजे तार न दाबता पट्टीच्या बरोबर वर बोट नुसतं टेकवून वाजवा. दोन्ही सूर जुळायला हवेत. सूर तपासणारा ट्यूनर मोबाइलवर असतोच.

मानेत ट्रस रॉड (मानेचा बाक कमी-जास्त करता येणारी आतली धातूची दांडी) नसेल तर कितीही स्वस्त मिळाली तरी नको. ताणाने मान वाकली की ती सरळ करायला सोपा उपाय उरत नाही. सॉलिड टॉपचा, म्हणजे वरची फळी अखंड लाकडाची असण्याचा, हट्ट सध्या सोडा. आवाज खुलतो खरा, पण मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात त्याला फार जपावं लागतं. लॅमिनेट, म्हणजे पातळ थर चिकटवलेलं लाकूड, बिचारं सोसतं.

ड्रेडनॉट, म्हणजे मोठ्या पेटीची गिटार, अंगापेक्षा मोठी वाटली तर त्याहून लहान कॉन्सर्ट आकार मांडीवर घेऊन बघा. आणि सगळे पैसे गिटारवरच उडवू नका, हजारभर रुपये सेटअप (तारांची उंची वगैरे जुळवून घेणं) आणि ०.०११ इंची (सर्वात पातळ तारेची जाडी) तारांच्या सेटसाठी राखून ठेवा.