ऑलस्टारमध्ये तिकीट नक्की कुणाचं कापलं?

अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलच्या नॅशनल आणि अमेरिकन या दोन लीगच्या निवडक खेळाडूंमधल्या २०२५ च्या ऑलस्टार सामन्याबद्दल लिहिलं तेव्हापासून वाचकांचे मेल थांबेचनात. अटलांटात १५ जुलैची रात्र म्हणजे आपल्याकडे १६ तारखेची पहाट, साडेपाचच्या सुमाराला सुरू, आणि तरी पुण्यात एवढी मंडळी उठून बघत होती हे वाचून खरंच भारी वाटलं. सगळे प्रश्न घेणं शक्य नाही, ज्यावर जास्त भांडण आहे तेच घेतोय.

प्रश्न (कर्वेनगरच्या एका ताईंचा): हुआन सोटोसारखा बॅटर, न्यूयॉर्क मेट्सबरोबर १५ वर्षांचा ७६.५ कोटी डॉलरचा करार, जूनमध्ये नॅशनल लीगचा प्लेअर ऑफ द मंथ, आणि तो ऑलस्टार नाही? आणि मायामीचा काइल स्टॉवर्स आहे! प्रत्येक टीमचा किमान एक माणूस घ्यायचाच हा नियम काढून का टाकत नाहीत?

ताई, सोटोबद्दल तुमच्याशी सहमत, तो पाहिजेच होता. एप्रिल-मे त्याचे थंड गेले आणि तीच इमेज लोकांच्या डोक्यात राहिली, जून येईपर्यंत बऱ्याच जणांचं ठरून गेलं होतं. पण म्हणून स्टॉवर्सवर राग काढू नका. तो मायामीचा एकटाच प्रतिनिधी होता हे खरं, पण सामन्याच्या दोनच दिवस आधी बाल्टिमोरमध्ये त्याने एकाच मॅचमध्ये ३ होम रन (आपल्या षटकारासारखे) मारले, ते पण ज्या टीमनं त्याला सोडलं होतं तिच्याचविरुद्ध. असा माणूस कोट्यातून आला म्हणणं अन्याय आहे. आणि नियमाबद्दल म्हणाल तर मी नियमाच्या बाजूने. शिकागो व्हाइट सॉक्स २०२४ मध्ये १२१ मॅच हरले, २०२५ ला त्यांच्याकडून शेन स्मिथ नावाचा नवा पिचर (बॉल टाकणारा) निवडला गेला. तिथल्या पोरांनी जुलैमध्ये टीव्ही लावून कुणाची वाट बघायची? एका लीगमध्ये टीम १५ आणि तिच्या यादीत जागा ३२, त्यामुळे मोठ्या टीमचा चौथा आउटफिल्डर (मैदानात मागे उभा राहणारा) कधीतरी बाहेर राहणार, ते मला चालतं.

प्रश्न (सिंहगड रोडवरून): मिसिओरोव्स्कीवर तुमचं मत स्पष्ट सांगा. ५ मॅच खेळून ऑलस्टार म्हणजे थट्टा नाही का?

यावर सगळ्यात जास्त मेल आले, म्हणून जरा सविस्तर लिहितो. ज्यांनी फॉलो केलं नाही त्यांच्यासाठी, जेकब मिसिओरोव्स्की हा मिलवॉकी ब्रुअर्सचा २३ वर्षांचा, ६ फूट ७ इंच उंचीचा पिचर, १२ जूनला पहिली मॅच खेळला, त्यात ५ इनिंग एकही हिट (बॉल मारून बेस गाठणं) दिली नाही, आणि महिना पूर्ण व्हायच्या आत ऑलस्टारमध्ये. एवढ्या कमी मॅच खेळून आजवर कुणीच निवडला गेला नव्हता, आधीचा विक्रम पॉल स्कीन्सचा, तो पण २०२४ चाच, पण त्याने निदान ११ मॅच टाकल्या होत्या. फिलाडेल्फियाचे ट्रे टर्नर आणि निक कास्टेयानोस उघड उघड चिडले, कारण त्यांचे क्रिस्टोफर सांचेझ आणि रेंजर स्वारेझ एप्रिल-मेपासून राबत होते, सांचेझचा ईआरए (दर ९ इनिंगमागे पिचरच्या नावावर लागलेले रन, कमी तितका चांगला) अडीचच्या आसपास, स्वारेझचा तर दोनच्या, आणि दोघंही मूळ यादीत नाहीत.

आता इथेच लोक दोन गोष्टींची गल्लत करतात असं मला वाटतं. मिसिओरोव्स्की मूळ यादीत नव्हताच, तो बदली म्हणून आला. दर वर्षी काय होतं, ऑलस्टारच्या आधीच्या रविवारी जे पिचर मॅच टाकतात ते मंगळवारी टाकत नाहीत, काही जण खांदा-कोपर जपायला स्वतःहून नाही म्हणतात, आणि मग शेवटच्या दोन-तीन दिवसांत लीगचं ऑफिस फोन फिरवत बसतं. म्हणजे सांचेझवरचा अन्याय मूळ यादी ठरली त्या दिवशीच झाला, पोरगं नंतर आलं. राग त्या यादीवर काढायला हवा, तर तो निघाला ज्याने मूळ यादीतली त्यांची जागा घेतली नव्हती त्याच्यावर.

तरीपण निवड मला पटली नाही हे स्पष्ट सांगतो. ऑलस्टार म्हणजे अर्ध्या सीझनच्या कष्टाची पावती पण आहे, खेळाडूच्या नावापुढे ती कायम लागते, बऱ्याच जणांच्या करारात त्याचा बोनस असतो. ताशी १०० मैलांच्या वर म्हणजे १६० किलोमीटरच्या पुढे बॉल टाकणारा पोरगा टीव्हीवर बघायला मलाही आवडतं, अटलांटात त्याने एक इनिंग टाकली, रन दिला नाही, मजा आली. पण तो पुढच्या वर्षी आला असता तरी चाललं असतं. आधी बाकीच्यांचा नंबर लागायला हवा होता.

प्रश्न (सदाशिव पेठेतून): स्टार्टर्स (सामना सुरू करणारे खेळाडू) निवडायला प्रेक्षकांचं मतदान कशाला? आपल्या क्रिकेटसारखी निवड समिती नेमा, प्रश्न मिटला.

मिटतो का खरंच? आपल्या ऋतुराजचंच बघा ना, २०२४ च्या झिम्बाब्वे दौऱ्यात नाबाद ७७ आणि ४९, आणि लगेच पुढच्या श्रीलंका दौऱ्याच्या टी-२० टीममध्ये नाव नाही. तेव्हा अख्खं पुणं निवड समितीवरच तापलं होतं. आणि मतदानात घोळ होतात हे मान्य. १९५७ ला सिनसिनाटीच्या पेपरनं आधीच भरलेल्या मतपत्रिका छापल्या आणि नॅशनल लीगच्या ८ पैकी ७ जागा सिनसिनाटीच्या खेळाडूंना गेल्या, शेवटी कमिशनर फोर्ड फ्रिक यांनी दोघांना काढून विली मेज आणि हँक आरोन यांना घेतलं, आणि लोकांचा मतदानाचा हक्क गेला तो थेट १९७० ला परत मिळाला. २०१५ ला कॅन्सस सिटीचे ८ खेळाडू एका टप्प्यावर पुढे होते, लीगने सहा कोटींहून जास्त मतं बाद केली, आणि शेवटी ४ जण स्टार्टर म्हणून निवडून आले. म्हणजे यंत्रणा सुधारता येते. शिवाय प्रेक्षक फक्त सुरुवातीचे बॅटर निवडतात, पिचर आणि राखीव खेळाडू ठरवतात खेळाडू आणि लीगचं ऑफिस, आणि २०२५ चे सगळे मोठे वाद बघा, त्याच जागांवरचे आहेत. मतदान राहू द्या.

प्रश्न (हडपसरवरून): ज्याच्यावर सगळ्यात मोठा अन्याय झाला असा खेळाडू कोण?

टिम सामन. एंजल्स टीमकडून २९९ होम रन, १९९३ चा अमेरिकन लीगचा रूकी ऑफ द इयर (सर्वोत्तम नवा खेळाडू), आणि एकदाही ऑलस्टार नाही. लोक कर्क गिब्सनचं नाव घेतात, १९८८ चा एमव्हीपी (सर्वांत मोलाचा खेळाडू) असून ऑलस्टार नाही म्हणून, पण गिब्सनला बोलावलं होतं आणि तो स्वतः गेला नाही, ती वेगळी केस.

प्रश्न (बाणेरवरून): ६-६ बरोबरीनंतर तो होम रनचा स्विंग-ऑफ, त्याला बेसबॉल म्हणायचं का? मला तर २००७ च्या भारत-पाकिस्तान बोल-आउटची आठवण झाली.

नियमित सीझनमध्ये कुणी असं केलं तर मी पहिला विरोध करेन. पण २००२ ला मिलवॉकीत ११ इनिंगनंतर पिचर संपले म्हणून ७-७ वर सामना सोडून दिला होता, लोक प्रचंड भडकले होते, त्यापेक्षा हे शंभर पटीने बरं. आणि यावेळी काय झालं आठवा, नॅशनल लीग ६-० पुढे होती, नवव्या इनिंगला बरोबरी, दोन्हीकडून तीन-तीन बॅटर, प्रत्येकी तीन स्विंग. अमेरिकन लीग ३-१ पुढे असताना नॅशनल लीगचा काइल श्वार्बर आला, डॉजर्सचे कोच डिनो एबेल बॉल टाकतायत, पहिला गेला, दुसरा गेला, तिसऱ्याला तर तो जवळजवळ गुडघ्यावर टेकला आणि बॉल तरीही बाहेर. तीनपैकी तीन, ४-३. सामन्यात त्याची एकही हिट नव्हती आणि एमव्हीपी तोच! यावर आक्षेप घेणारे दोन मेल आलेत, मला आक्षेप नाही. आणि कर्वेनगरच्या ताई, त्या ४ मधला पहिला होम रन स्टॉवर्सचा होता, तो नसता तर श्वार्बरनंतरही ३-३ च असतं.