गच्चीवरचा ताशा आणि सोसायटीची नोटीस

पत्र: ताई, मी 31 वर्षांचा. पुण्यात स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहतो. दीड वर्षापासून मैत्रीणही सोबत राहते; लग्न करायचं की नाही, ते आम्ही ठरवू. गेल्या आठवड्यात सोसायटीची नोटीस आली. मुद्दे चार: मी रात्री गच्चीवर ताशा वाजवतो, ओला-सुका कचरा एकत्र देतो, सत्यनारायणाची वर्गणी देत नाही आणि 'सदर फ्लॅटमध्ये अविवाहित स्त्रीचे कायम वास्तव्य आहे, ही कुटुंबांची सोसायटी आहे'. पंधरा दिवसांत लेखी खुलासा हवाय. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना हार्टचं काहीतरी आहे, त्यांनीच सुरुवात केली. माझ्या घरात मी मनासारखं जगू शकत नसेन, तर या सुसंस्कृत समाजाचा उपयोग काय? सगळं विकून कोकणात एकटं जाऊन राहावंसं वाटतं. – गुदमरलेला, पुणे

ताई म्हणालास, म्हणून 'तू' म्हणते.

नोटीस लिहिणाऱ्या सेक्रेटरींचं मला आधी कौतुक वाटलं. चार तक्रारी एका कागदावर अशा बांधल्यात की एक मान्य केलीस तर चारही केल्यासारखं व्हावं, आणि एक नाकारलीस तर चारही बाबतींत तू उर्मट ठरावास. पण तूही ते गाठोडं न सोडता तसंच उचललंस. त्यांच्या मते चारही ठिकाणी संस्कृती बुडाली, तुझ्या मते चारही ठिकाणी तुझं स्वातंत्र्य.

ताशापासून सुरू करू, कारण तिथे तुझं काही चालणार नाही. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर वाद्य वाजवायला ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी मनाई आहे. वस्तीत आवाजाची मर्यादा दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. ताशाची तर्री त्यात कधी बसेल, हे तू मला सांग! गणपतीत काही रात्री बारापर्यंत सूट मिळते, ती उत्सवाला असते, तुझ्या सरावाला नाही. स्वतःच्या जागेत का होईना, पण बाहेर जाऊन शेजाऱ्यांना छळेल असा आवाज करायचा हक्क कोणालाच नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्येच सांगून ठेवलंय. ज्याला ऐकायचं नाही त्याला डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत. आजोबांचा आजार तू एका ओळीत उरकलास, ते मला आवडलं नाही. गच्ची चार भिंतींच्या आत नसते, बाबा. तुमचं ढोल-ताशा पथक सरावाला नदीकाठी जातच असेल, तिथे वाजव. घरी हात बसवायचा तर रबरी पॅड घे.

कचऱ्याबद्दल वाद घालूच नकोस. 2016 पासून ओला-सुका वेगळा करणं देशभर बंधनकारक आहे. आणि तू केला नाहीस, तर ते काम कोणी करत नाही असं थोडंच आहे? पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेतल्या बायका दारोदार फिरून कचरा गोळा करतात. तुझ्या उरलेल्या आमटीतून दुधाची पिशवी आणि फुटकी काच त्यांच्यापैकी कोणीतरी हाताने काढते. तुझं स्वातंत्र्य तिच्या बोटांवर चालवू नकोस.

वर्गणी मागायची असते, वसूल करायची नसते. द्यायची नसेल तर नम्रपणे नाही म्हण. प्रसाद मात्र खा, शिऱ्याशी काय वैर?

आता चौथा मुद्दा. तो चौथा ठेवलाय, पण खरा तोच आहे. दीड वर्ष कचरा एकत्र चालला आणि नोटीस आत्ता आली, यावरून मला तरी तसंच वाटतं. दोन सज्ञान माणसांनी लग्नाशिवाय एकत्र राहणं हा गुन्हा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये स्पष्ट म्हटलंय. कौटुंबिक हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्यानेही लग्नासारख्या नात्यात राहणाऱ्या बाईला संरक्षण दिलंय. कमिटीने मेंटेनन्स बघावा, गळती बघावी, पार्किंगची भांडणं सोडवावीत. दाराच्या आत कोण कोणाच्या शेजारी झोपतं, हा तिच्या अजेंड्यावरचा विषयच नाही. इथे एक इंचही मागे सरू नकोस. आणि इथे ताठ उभं राहायचं, तर आधीच्या दोन गोष्टींत बाजू स्वच्छ हवी. रात्री अकराला ताशा बडवणाऱ्याने खासगीपणाचा हक्क सांगितला, तर सभेत हशा पिकेल.

एक मात्र सांगते. तुझं पत्र दोनदा वाचलं तेव्हा जाणवलं, की सोसायटीने तुला मोकळं सोडावं एवढ्यावर तुझं भागत नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी हसून 'जेवलात का दोघं?' विचारावं, असंही तुला वाटतंय. ते मिळेलच असं नाही. मागायचा हक्कही नाही. तुझ्याकडे बघून नाक मुरडणं हे त्यांचं स्वातंत्र्य. आमच्या या धंद्यातले मूळपुरुष म्हणजे रघुनाथ धोंडो कर्वे. 1927 पासून 1953 मध्ये जाईपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. वाचकांच्या ज्या प्रश्नांना कोणी घरात तोंड उघडू दिलं नसतं, त्यांची उत्तरं ते छापत. संततिनियमनाचा प्रचार सोडेनात म्हणून प्राध्यापकी गेली. वाचकांना दिलेल्या उत्तरांवरूनच 1934 मध्ये अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले, तरी दंड झालाच. लोक आपल्याला चांगलं म्हणतील मग पुढचा अंक काढू, असं म्हणून कर्वे थांबले असते तर पुढचा अंक निघालाच नसता. तुला तर नोकरीवर पाणी सोडायचं नाही, फक्त लिफ्टमधली शांतता सोसायची आहे.

कोकणाचं म्हणशील तर मला हसू आलं. एकटं राहायला वाडीत? पहिल्या सकाळी 'तू खंयचो?' विचारतील, आणि संध्याकाळी तू बांगडे आणलेस की सुरमई, हे चार घरांना ठाऊक असेल. तिथे भावकी आहे, गावकी आहे. गावकीने कुटुंबं वाळीत टाकल्याच्या तक्रारी रायगडातून येत राहिल्या आणि सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016 मध्ये महाराष्ट्राला वेगळा कायदा करावा लागला. शहरातल्या ज्या गर्दीचा तुला उबग आलाय, त्याच गर्दीच्या आडोशाने तुम्ही दोघं दीड वर्ष निवांत राहिलात.

पत्रातली एक उणीव मात्र मला सगळ्यात जास्त सलते. तिला काय वाटतं, हे एकाही ओळीत नाही. नोटीस तुझ्या नावाने आली, पण वॉचमनच्या रजिस्टरमध्ये रोज 'पाहुणी' म्हणून सही कोण करतं? जिन्यात गप्पा थांबतात त्या तिला बघून. शेजाऱ्यांच्या नजरेत तू 'बिघडलेला मुलगा' आहेस. तिच्यासाठी ते कोणते शब्द वापरत असतील, ते तुलाही ठाऊक आहे. तिला भांडायचंय, घर बदलायचंय, की लग्न करून मोकळं व्हायचंय? की लग्न करायचं नाही यावर तीच तुझ्यापेक्षा ठाम आहे? तुम्ही ठरवाल म्हणतोस, पण पत्र सगळं 'मी'चं आहे.

तिचं म्हणणं ऐकून मग खुलासा लिही. ताशा आणि कचरा या दोन्हींबद्दल सरळ दिलगिरी, 'पण' न जोडता. वर्गणी ऐच्छिक आहे, एवढं एक वाक्य. चौथ्या मुद्द्याला उत्तर देऊ नकोस. फक्त कळव, की अमुक व्यक्ती या फ्लॅटमध्ये राहते आणि गेटवर तिची नोंद रहिवासी म्हणून व्हावी. कळवायचं, परवानगी मागायची नाही. हे तिला मान्य असेल तरच, कारण नाव तिचं आहे. तरीही छळ चालू राहिला तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे लेखी तक्रार करता येते. आणि वार्षिक सभा सप्टेंबर संपायच्या आत घ्यावी लागते, तिला या वेळी जा. तू आजवर एकाही सभेला गेलेला नसणार, हे मी पैजेवर सांगते. कमिटीत तेच तेच पाच जण असतात, कारण बाकीचे गुदमरत घरी बसलेले असतात.

आजोबांकडे मात्र खुलाशाची वाट न बघता आजच जाऊन ये.