वाचक विचारतात: जिथून बाहेर पडता येत नाही ते स्टेशन

प्रश्न: कंपनीच्या कामासाठी टोकियोला जायचं आहे, एक दिवस मोकळा मिळेल. अगदी पाण्याला टेकलेल्या एका स्टेशनचा फोटो पाहिला. पण तिथे उतरलं तरी बाहेर जाऊ देत नाहीत, असं सहकारी सांगतात. हे खरं आहे का? मग जाण्यात अर्थ आहे का?

उत्तर: खरं आहे, आणि तरीही जा. ते उमी-शिबाउरा, टोकियोजवळच्या त्सुरुमी लाइन या छोट्या रेल्वेमार्गाच्या एका फाट्याचं शेवटचं स्टेशन. १९४० साली सुरू झालं. फलाट एकच, आणि त्याच्या कठड्याखाली थेट केइहिन कालव्याचं पाणी. बाहेर पडायची वाट सरळ तोशिबाच्या कारखान्याच्या फाटकात जाते. कामगारांना ओळखपत्रावर सोडतात, तुम्हाला-मला नाही. तिथे पहारेकऱ्याशी वाद घालू नका आणि फाटकाचे फोटोही काढू नका.

पण कंपनीने १९९५ मध्ये स्वतःच्याच जागेत, स्टेशनला लागून, एक चिंचोळी बाग केली आणि ती सगळ्यांसाठी मोफत खुली ठेवली. उमीशिबा पार्क. सकाळी ९ ते रात्री साडेआठ. चार बाकं, थोडी झाडं, समोर पाणी आणि दूरवर त्सुरुमी त्सुबासा पूल. कामगारांखेरीज कुणाचं तिथे काही काम नसताना, केवळ गाडीने येऊन परत जाणाऱ्या माणसाला बसायला जागा हवी, हा विचार कुणीतरी केला. मला त्याचं फार अप्रूप वाटतं.

मी शेजारच्या कावासाकी शहरात नोकरीला होते तेव्हा रविवारी दुपारी या लाइनवर जात असे, म्हणून हक्काने सांगते: नुसतं शेवटचं स्टेशन गाठून फोटो काढून परतू नका. ही सगळी जमीनच मुळात समुद्रात भर घालून केलेली आहे. सिमेंटच्या धंद्यात नाव काढलेल्या असानो सोइचिरो यांनी १९१३ मध्ये ते काम हाती घेतलं, बँकवाले यासुदा झेन्जिरो पाठीशी उभे राहिले. मग कारखान्यांचा माल न्यायला रेल्वे आली, १९२६ मध्ये. प्रवासी गाड्या १९३० पासून. स्टेशनांच्या पाट्या वाचत जा, सगळी मंडळी भेटतील. असानो तर आहेतच. आन्झेन हे यासुदा झेन्जिरो यांच्या नावातली अक्षरं घेऊन केलेलं, ओकावा हे कागद गिरण्यांच्या ओकावा हेइझाबुरो यांचं, मुसाशी-शिराइशी हे पोलादवाल्या शिराइशी मोतोजिरो यांचं, आणि ओगिमाची असानो घराण्याच्या पंख्याच्या चिन्हावरून. गावं नव्हतीच, तर गावांची नावं कुठून येणार?

असानोला उतरा. तिथे रूळ दोन दिशांना फुटतात, फलाटही तसाच फाकलेला आहे, आणि मधल्या हिरवळीत मांजरं लोळत असायची. त्यानंतर, परतीच्या वाटेवर, कोकुदो स्टेशन. हे मात्र चुकवायचं नाही. उन्नत मार्गाच्या कमानींखाली १९३० सालचा बोगद्यासारखा काळोखा रस्ता आहे. दुसऱ्या महायुद्धात विमानांतून झालेल्या गोळीबाराच्या खुणा बाहेरच्या भिंतीवर अजून आहेत. मी पहिल्यांदा त्या खड्ड्यांवर बोट ठेवलं आणि बराच वेळ तिथून हलले नाही. युद्धाची स्मारकं जपानात पुष्कळ पाहिली, पण लोक शेजारून भाजीची पिशवी घेऊन चालले आहेत आणि भिंत तशीच आहे, हे दुसरीकडे पाहिलं नाही.

आता जायचं कसं. टोकियो स्टेशनवरून केइहिन-तोहोकु लाइनने त्सुरुमी, साधारण अर्धा तास. तिथे वरच्या फलाटावर त्सुरुमी लाइन, तीन डब्यांची छोटी गाडी. उमी-शिबाउराला दहा-बारा मिनिटांत पोचता. त्सुरुमी सोडलं तर या लाइनवरच्या स्टेशनांत १९७१ पासून कर्मचारी नाहीत, त्यामुळे प्रवासाचं कार्ड यंत्रावर टॅप करणं तुमच्या प्रामाणिकपणावर. बागेत जाताना एकदा आणि परतताना पुन्हा टॅप करायला विसरू नका.

सकाळची आणि संध्याकाळची पाळी सुटायची वेळ टाळा. तेव्हा गाडी कामगारांची असते, त्यांना दार अडवणारे फोटोवाले नको असतात. दुपारी गाड्या विरळ, एक चुकली तर तास-दीड तास, कधी त्याहूनही जास्त थांबावं लागतं. दुसरी वाट नाही, चालत निघता येत नाही, टॅक्सी बोलावता येत नाही. उतरल्या उतरल्या परतीचं वेळापत्रक बघून ठेवा. सूर्यास्ताच्या तासभर आधी पोचून अंधार पडल्यावरची गाडी पकडावी, असं माझं मत. खाण्याचं आणि पाण्याची बाटली त्सुरुमीलाच घ्या.