वारसनोंद आधी, हक्कसोड नंतर

प्रश्न : तासगाव तालुक्यात आमची वडिलोपार्जित अडीच एकर द्राक्षबाग आहे. वडील गेले, पण सातबारा अजून त्यांच्याच नावावर आहे. घरात आई, आम्ही दोघे भाऊ आणि विट्याला दिलेली बहीण. बहीण हक्क सोडायला तयार आहे. तिचं नाव न लावताच नोंद केली तर चालेल का? वाटणीत आणखी काय पाहावं?

उत्तर : ताईंचं नाव अजिबात वगळू नका. वारस लपवून केलेली नोंद अपिलात रद्द होऊ शकते. मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं आणि प्रतिज्ञापत्र जोडून तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी) अर्ज द्या. अर्ज मृत्यूनंतर 3 महिन्यांत द्यायचा असतो, पण उशीर झाला तरी नोंद होते. फेरफाराच्या (सातबाऱ्यावरच्या बदलाच्या नोंदीच्या) नोटिशीनंतर हरकतीला 15 दिवस मिळतात, मग मंडल अधिकारी नोंद मंजूर करतात.

मुलगी लग्न होऊन गेली तरी हिश्शाची धनी असते. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने आणि 2020 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने हे पक्कं झालं आहे. मृत्युपत्र नसेल तर तुमच्या घरात आईसह चौघांचा प्रत्येकी पाव हिस्सा, म्हणजे 100 गुंठ्यांत 25-25 गुंठे.

ताईंना खरोखर हक्क सोडायचा असेल तर हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. वडिलोपार्जित मिळकतीत भावा-बहिणींमध्ये मुद्रांक 500 रुपये आहे. नोटरी केलेल्या कागदावर हक्क सुटत नाही. हिस्सा दोन्ही भावांना की एकालाच, हे दस्तात स्पष्ट लिहा. भांडणं बहुतेक इथूनच सुरू होतात. दस्त झाल्यावर तिला मागे फिरता येत नाही, म्हणून भिडेखातर सही घेऊ नका. आधी तिला मसुदा घरी नेऊन वाचू द्या.

वाटपासाठी सगळ्यांची संमती असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडे अर्ज करा. पोटहिस्सा मोजणी (प्रत्येकाच्या वाट्याची वेगळी मोजणी) करून नकाशा जोडा. बागायतीचा तुकडा 10 गुंठ्यांखाली जाऊ देऊ नका.

बागेत खरी अडचण विहीर आणि वाटेची असते. विहीर एकाच्या वाट्याला गेली तर बाकीच्यांचा पाण्याचा हक्क, पाळीचे वार आणि तास, पाइपलाइन कुठून जाणार, गाळ काढण्याचा आणि मोटार दुरुस्तीचा खर्च, वीज कनेक्शन कोणाच्या नावे, हे सगळं वाटपपत्रात लिहा आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कांत नोंदवून घ्या. वाटेची रुंदी फुटांत लिहा, ट्रॅक्टरमागे ब्लोअर (फवारणीचं यंत्र) जोडून वळता येईल एवढी. ‘पूर्वीप्रमाणे वहिवाट’ एवढंच लिहिलं की पुढे बांधावर तारेचं कुंपण पडतं, आणि ऐन फवारणीत तहसीलदारांपुढे रस्त्याचा दावा चालवावा लागतो.

प्रश्न : साताऱ्यात भाऊ-बहीण मिळून फ्लॅट घेतोय. माझे पैसे जास्त आहेत. कागदावर काय असावं?

उत्तर : खरेदीखतातच प्रत्येकाचा हिस्सा टक्क्यांत लिहा आणि पैसे आपापल्या खात्यातून द्या. हिस्सा लिहिला नाही आणि पैशाचा पुरावाही नसला, तर तो समान धरला जातो. कर्जात सगळे सहकर्जदार असतील तर एकाने हप्ता चुकवला तरी बँक प्रत्येकाकडून पूर्ण रक्कम मागू शकते. एखाद्याला बाहेर पडायचं झालं तर किंमत कोण ठरवणार आणि इतरांना किती महिन्यांत पैसे द्यावे लागतील, याचा वेगळा करार बयाण्याआधीच करा.